विषय: रि: रि: दिवाळी फंड आणि नाशिकच्या कंपन्या

मंडळी नमस्कार,

फराळाचा स्टॉल आणि नाटकाची तिकिटं मिळून जे काय उरलंय ते दरवर्षीसारखं त्र्यंबक तालुक्यातल्या शाळेला द्यायचं असं कमिटीत ठरलंय, पण मला खरंच एक कळत नाही, आपण इकडे परदेशात थंडीत चकल्या विकायच्या आणि तिकडे सातपूर, अंबड, सिन्नरला एवढाल्या कंपन्या बसल्यात, त्यांना कायद्यानेच नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, मग सरळ त्यांनाच पत्र का लिहू नये? मंडळाच्या लेटरहेडवर, पन्नासेक सह्या, "राष्ट्राच्या विकासात आपला वाटा उचला" असं काहीतरी. ड्राफ्ट मी करतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

बंटी

---

बंटी,

पत्र लिही, पण "राष्ट्राच्या विकासात" एवढं काढ बाबा. ते वाक्य त्यांच्या रिपोर्टात आधीच छापलेलं असतं, वाचून कुणाची पापणी हलत नाही.

मी सातपूरला एका कंपनीत पर्चेसला होतो आणि शेवटची काही वर्षं "नाना, तुम्हाला गावाकडची माहिती आहे" म्हणून हे सीएसआरचं (कंपनीच्या या २ टक्के समाजखर्चाचं) लचांडही माझ्याच गळ्यात मारलं होतं, त्यामुळे आतून बघितलंय. कायदा २०१४च्या १ एप्रिलपासून लागू झाला तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न हा होता की यात वृक्षारोपण बसतं का, कारण रोपं आधीच सांगून ठेवली होती. पुढे दरवर्षी तेच. एप्रिल ते डिसेंबर कुणाला आठवण नाही, जानेवारीत अकाउंट्सवाला येऊन सांगणार की एवढे शिल्लक आहेत, आणि मग फेब्रुवारी-मार्चमधे जे पटकन विकत घेता येतं ते घ्यायचं. पटकन काय मिळतं? दप्तरं, बेंच, कम्प्युटर, आणि पाण्याचं मशीन. गाव कुठलं घ्यायचं, तर जिथे साहेबांची गाडी जाऊन दुपारच्या जेवणापर्यंत परत येईल असं. म्हणून बघा, हायवेच्या कडेच्या शाळांना तीन-तीनदा रंग लागलेला असतो आणि हरसूलच्या पुढे पाड्यावर कुणी जात नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मागच्या मे महिन्यात मी आणि आमची ही हरसूलकडे एका लग्नाला गेलो होतो, येताना तिथल्या झेडपीच्या शाळेत थांबलो, गुरुजी ओळखीचे. व्हरांड्यात भलंमोठं स्टीलचं आरओ मशीन, वर दोन फूट बाय तीन फूट बोर्ड, कंपनीचं नाव, उद्घाटकांचं नाव, तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. (कंपनीचं नाव सांगत नाही, आमची नव्हती एवढं सांगतो, पण आमचीही असू शकली असती.) नळ उघडला तर कोरडा. गुरुजी हसले आणि मागचं दार उघडून दाखवलं, आत खडूचे बॉक्स आणि पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती घडी करून ठेवलेली. म्हणाले उंदीर जात नाहीत त्यात, चांगलं कपाट झालंय. पहिल्या पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन पंप जळला, मेंब्रेन बदलायला नाशिकहून माणूस यायचे पैसे मागतो, ग्रामपंचायत म्हणते आमच्या बजेटमधे नाही, कंपनी म्हणते आम्ही हँडओव्हर केलंय, सहीचा कागद दाखवते. आणि मुळात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, त्यात एवढे क्षार कुठले, साधा वाळूचा फिल्टर आणि क्लोरिन पुरलं असतं. आरओ जेवढं पाणी देतं त्यापेक्षा जास्त फेकून देतं, आणि जिथे बायका उन्हाळ्यात उतार उतरून हंडा आणतात तिथे हे ठेवायचं!

पावसाळ्यात त्या पट्ट्यात काय बदाबदा कोसळतो ते तुम्हाला माहितीच आहे, इगतपुरीला तर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण काळा पाषाण, उतार, सगळं वाहून खाली धरणात जातं आणि एप्रिलमधे वर टँकर. म्हणजे पाण्याचं काम करायचं तर झऱ्याला कुंडी बांधणं, टाकी, पाइप, आणि मुख्य म्हणजे पुढची पाच वर्षं ते बघणारा गावातला एक माणूस. त्या माणसाच्या महिन्याच्या पैशाला कुणी बोर्ड लावत नाही ना, म्हणून ते होत नाही.

नाना

---

नाना, मस्त लिहिलंत. पण मी जरा कडवट बोलतो, माफ करा. माझ्या भावाचं अंबडला वर्कशॉप आहे, चौदा माणसं, मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवतो. या लोकांना सीएसआर करायला सांगण्याआधी आमची बिलं वेळेवर द्यायला सांगा हो! छोट्या उद्योगाचं पेमेंट, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा २००६ पासून आहे, त्याच्या हातात नव्वद दिवसांनी येतं, त्यात दसऱ्याला कामगारांचा बोनस स्वतःच्या सोनं-गहाणातून दिलाय त्याने. आणि तीच कंपनी कॅलेंडरवर आदिवासी मुलांचे हसरे फोटो छापते. चौदा घरं वेळेवर चालवणं हा समाज नाही का, देश नाही का?

आणि हो, २ टक्केवाला कायदा सगळ्यांना नाही. सातपूर-अंबडमधली बहुतेक युनिटं भावासारखीच आहेत, त्यांना तो लागूच नाही. तरी भाऊ गणपतीला, शाळेला, कुणाच्या ऑपरेशनला देतोच, पावती पण मागत नाही.

अंबडकर

---

अंबडकर दादा, मुद्दा शंभर टक्के पटला, आणि आता तर ४५ दिवसांची मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही दिलं नाही तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजाही मिळत नाही, म्हणजे भावाला सांगा उद्यम रजिस्ट्रेशनचा (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर ठळक छापायला. (ट्रेडिंगवाल्यांना याचा फायदा नाही, मॅन्युफॅक्चरिंगला आहे.)

बंटीसाठी थोडं टेक्निकल, कारण पत्र चुकीच्या लोकांना जायला नको. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा टर्नओव्हर १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं कुठलंही एक आदल्या वर्षी असेल तर कायदा लागू. २ टक्के म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे. आणि नाना म्हणतात ती मार्चची घाई आता करायची खरं म्हणजे गरज नाहीये, २०२१ पासूनच्या नियमाने, चालू (एकापेक्षा जास्त वर्षं चालणारा) प्रकल्प असेल तर उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं खर्च करता येतात. हे पुष्कळ मॅनेजरांना माहीत असतं पण बोर्डाकडून प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्यायचा कंटाळा. तुम्ही पत्रात तयार तीन वर्षांचा प्रकल्प दिला, देखभालीच्या माणसाच्या पगारासकट, तर त्यांचं अर्धं काम होतं. संस्था मधे घेणार असाल तर तिचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन (असे पैसे घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) झालेलं पाहिजे.

अजून एक, आणि हे आपल्या चकल्यांच्या पैशांबद्दल. मंडळ इथे रजिस्टर आहे, आणि अर्ध्या लोकांचे पासपोर्ट आता भारतीय नाहीत, त्यामुळे मंडळाचे पैसे तिकडच्या संस्थेला म्हणजे परदेशी देणगी. त्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नसेल तर घेताच येत नाहीत, आणि असेल तर आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रांचमधल्या खात्यात जातात. मागच्या वर्षी कुणीतरी "माझ्या मावसभावाच्या खात्यात टाकू" म्हणालं होतं. कृपया नको. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी या कायद्यात तुम्ही परदेशीच.

सीए ताई

---

ताई, हे मला माहीतच नव्हतं, ओसीआय म्हणजे आपलंच समजत होतो मी इतकी वर्षं.

बरं मग नाना पत्र असं करू का: एकाच कंपनीला, एकाच गावासाठी, झऱ्याची कुंडी आणि टाकी, तीन वर्षं, बघणाऱ्या माणसाचा पगार धरून? बोर्ड लहान. आणि शेवटी अंबडकर दादांचं, व्हेंडर पेमेंट वेळेवर करता का, ते पण विचारू?

बंटी

---

बंटी, बिलांचं त्याच पत्रात नको, पैसे मागताना हिशोब विचारलास तर दोन्ही जातील. ते अंबडकर आणि भाऊ मिळून निमा-आयमाच्या (नाशिक-अंबडच्या कारखानदारांच्या संघटनांच्या) मीटिंगमधे काढू देत, तिथे त्यांना बळ मिळेल.

आणि घाई कर. २०२७चा कुंभ आलाय, सगळ्या कंपन्यांचं लक्ष आता रामकुंडाकडे, घाटावर नाव लागलं की लाखो लोक बघतात, हरसूलला कोण बघणार.

एक सांगायचं राहिलंच. आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एक फिटर होता, पेठ तालुक्यातला, अजून नोकरीत आहे. रविवारी मोटरसायकलवर टूलबॉक्स बांधून पाड्यांवर जातो आणि सोलर पंप, हातपंप जे बंद पडलं असेल ते चालू करून येतो. पेट्रोल स्वतःचं. त्याचा हा वेळ कंपनीच्या सीएसआर खर्चात धरताच येत नाही, खर्च म्हणजे पैसाच लागतो, म्हणून तो कुठल्याच रिपोर्टात नाही. त्या आरओचं मी त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला पंप बदलून देतो, पण बॉडीच्या मागे बारकी पट्टी असते त्यावरचा नंबर पाहिजे. माझा फोटो समोरून काढलाय, बोर्डासकट. डिसेंबरमधे नाशिकला कोण येतंय? हरसूलला एक चक्कर टाकून मागचा फोटो काढून आणा, पोती बाजूला सरकवावी लागतील.

नाना