विषय: सासूबाईंच्या गुडघ्यांच्या चिनी पुड्या, कोणी वाचून देईल का? (तातडीचे)

प्रेषक: वहिनी, तोआ पायो
आई रविवारी सिंगापूरहून पुण्याला परत निघाल्यात आणि खालच्या चिनी वैद्यबाईंच्या तीन महिन्यांच्या पुड्या सोबत नेणार म्हणतात. दु-हुओ जी-शेंग एवढंच नाव कळलं, बाकी सगळं चिनीत. दहा दिवसांत जिना चढायला लागल्या, त्यामुळे नको म्हणायला जीव होत नाही. कोजागिरीचा फलक चिनीत लिहून देणाऱ्या ताईंचा नंबर कोणाकडे आहे?

प्रेषक: नाना
नंबर सचिवांकडे. पण नाव कळलं म्हणजे घटक कळलेच. सुन सिमियाओ या चिनी वैद्याचा सातव्या शतकातला योग, म्हणजे औषधांचं मिश्रण, १५ औषधं. त्यातली न्यू-शी म्हणजे शब्दशः बैलाचा गुडघा, काडीची पेरं तशी फुगीर असतात म्हणून. मंगळागौरीच्या पत्रीतल्या आघाड्याच्याच जातकुळीतली! मला स्वतःला आयुर्वेदातल्या योगराज गुग्गुळाने बरं वाटलं, तेही द्या.

प्रेषक: डॉक्टरकाकू
नाना, गुग्गुळ आत्ता अजिबात नको. आणि नाव एक असलं तरी वैद्य माणूस पाहून घटक बदलतात, पुडी वाचायलाच हवी. वहिनी, आई हृदयाच्या झडपेमुळे वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर, आहेत ना? या योगात दांग-ग्वे नावाची मुळी असते. तिच्याने वॉर्फरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आजच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करा, पुड्या तोवर बंद. शी-शिन ही वनस्पती आहे का तेही विचारा, तिच्या कुळात मूत्रपिंडाला घातक आम्ल सापडतं. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत फांग-जी या चिनी औषधी मुळीऐवजी तेच आम्ल असलेली भलतीच वनस्पती गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली.

प्रेषक: अण्णा
मंडळाच्या या ईमेल यादीवर औषधोपचार सांगायचे नाहीत हे मागच्या सभेत ठरलंय. तरी एक सांगतो, चिनी औषधाला सरसकट नावं ठेवू नका. याच योगाची थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या २०० रुग्णांवर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाशी तुलना झाली होती, २००४ मध्ये छापून आली. चार आठवड्यांत गुण सारखाच आला, फक्त उशिरा. शिवाय सांध्यातली कूर्चा वाचते म्हणतात.

प्रेषक: डॉक्टरकाकू
अण्णा, दुखणं कमी होणं वेगळं आणि कूर्चेची झीज थांबणं वेगळं. कूर्चेबद्दलचं बरंचसं काम उंदीर, ससे आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे. नावं मी ठेवत नाही, वॉर्फरिनबद्दल बोलतेय.

प्रेषक: नाना
आघाडा मंडळाला दर वर्षी मीच आणून देतो, म्हणून लिहिलं. वॉर्फरिनचं माहीत नव्हतं. गुग्गुळाचं मागे घेतो.

प्रेषक: वहिनी, तोआ पायो
काकू, आयएनआर ४.८ आला, म्हणजे जास्तच. डॉक्टरांनी आजची गोळी थांबवलीय, परवा परत तपासणी. वैद्यबाईंना वॉर्फरिनचं आम्ही सांगितलंच नव्हतं, आणि आईंना वाटलं हृदयाच्या गोळीचा गुडघ्याशी काय संबंध. ऐकल्यावर वैद्यबाई बिचाऱ्या स्वतः वर आल्या, पुड्या परत नेल्या आणि पंधराही नावं कागदावर लिहून दिली, पण चिनीतच. पुण्याच्या डॉक्टरांना लॅटिन नावं हवीत. ताईंचा नंबर अजून मिळालेला नाही.

प्रेषक: सचिव
वहिनी, नंबर वेगळा पाठवलाय. रात्री नऊनंतर फोन करा, तोवर त्या कामावर असतात.