शिकाऊ उमेदवारांना कामाच्या ठिकाणी ऑनलाइन साधनांद्वारे कसे शिकवावे?

प्रश्न (विद्यापीठातील समन्वयक):
आमच्या पदवी अभ्यासक्रमातील शिकाऊ उमेदवार आठवड्याचे बहुतेक दिवस निरनिराळ्या आस्थापनांत काम करतात आणि सैद्धान्तिक भाग मूडल या ऑनलाइन शिक्षण प्रणालीवरून शिकतात. ते व्याख्याने पाहतात, प्रश्नमंजुषा सोडवतात. परंतु त्याचा हातातील कामाशी काय संबंध, असे विचारल्यास गप्प होतात. पाळ्यांमुळे सर्वांचा एकत्र थेट वर्ग घेणेही जमत नाही. काय करावे?

उत्तर १ (अभ्यासक्रम रचनाकार):
साधन तेच ठेवून क्रम उलटा करून पाहावा. पंपांच्या देखभालीवर असलेल्या उमेदवाराला द्रवयांत्रिकीचे तासाभराचे व्याख्यान देण्याऐवजी, पंप खडखडू लागल्यास शोषण बाजूचा दाब का तपासतात, हा प्रश्न आधी द्यावा. त्याने पर्यवेक्षकाला विचारून आपले उत्तर लिहावे आणि त्यानंतरच दाब बाष्पदाबाखाली (ज्या दाबाखाली द्रवाची वाफ होऊ लागते त्याखाली) गेल्यावर बुडबुडे कसे तयार होतात, हे सांगणारी छोटी चित्रफीत त्याला खुली व्हावी. मूडलमध्ये अशी अट घालता येते.

प्रश्नमंजुषा चित्रफितीला लागूनच ठेवू नये. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्याने ज्यांनी वाचलेले आठवून लिहिण्याचा सराव केला होता त्यांच्या लक्षात अधिक राहिले. आपले उमेदवार चित्रफीत संपताच मिळवतात ते गुण म्हणूनच फसवे असू शकतात.

उत्तर २ (आस्थापनेतील पर्यवेक्षक):
वरील रचना योग्य आहे, मात्र अभ्यासाचा वेळ कामाच्या तासांतच राखून ठेवल्याचे लेखी ठरले नसेल, तर उमेदवार हे सारे रात्री मोबाइलवर कसेबसे उरकतो. अनेक ठिकाणी कार्यालयीन जाळ्यावर चित्रफिती बंद असतात, त्यामुळे साहित्य आधी उतरवून घेण्याची सोय हवी. उमेदवाराने पोर्टफोलिओसाठी (केलेल्या कामाच्या पुराव्यांच्या संग्रहासाठी) यंत्राचे किंवा कागदपत्रांचे छायाचित्र चढवण्यापूर्वी गोपनीयतेची परवानगीही घ्यावी. आणखी एक विनंती: आम्हाला वीस रकान्यांचा अर्ज पाठवू नये, तो कोणीही मनापासून भरत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पर्यवेक्षकांचा शेरा गुणांत धरावा का?

उत्तर ३ (अभ्यासक्रम रचनाकार):
माझ्या मते थेट धरू नये, कारण एका आस्थापनेतील 'उत्तम' दुसरीकडे जेमतेम ठरू शकते. शेरा पुरावा म्हणून जोडावा आणि त्यावर उमेदवार, पर्यवेक्षक व अध्यापक अशा तिघांची व्हिडिओ बैठक घेऊन तोंडी प्रश्न विचारावेत. गुण अध्यापकाने द्यावेत. प्रणालीतील 'पूर्ण' ही खूण तर मुळीच ग्राह्य धरू नये. स्कॉर्म (ऑनलाइन धडे शिक्षण प्रणालीशी जोडण्याचे एक प्रमाण) पद्धतीच्या धड्यांत सहसा धडा पूर्ण झाला का, किती वेळ लागला आणि किती गुण मिळाले, एवढेच नोंदले जाते. उमेदवाराने पंप नीट उघडला की नाही, हे त्यातून कळत नाही.