टीव्हीखालच्या लिनक्स डब्यासाठी रास्पबेरी पाय ५? माझा ठाम नकार

तापीकाठ (भुसावळ): काल एकाने लिहिलं, "टीव्हीला लिनक्स जोडायचंय तर डोळे झाकून रास्पबेरी पाय ५ घ्या, बाकी सगळे पैसे पाण्यात." याच सल्ल्यावर मी पाय ५, म्हणजे एका पाटीवरचा तो छोटा संगणक, घेतला, म्हणून लिहितोय. टीव्हीचा जुना कोअर टू ड्युओ संगणक एप्रिलमध्ये गेला. उघडून पाहिलं तर बोर्डावरचे चार कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. नवा पाय आणला, लिब्रइलेक (कोडी हा व्हिडिओ प्लेअर चालवणारं लिनक्स) टाकलं, आणि भाच्याच्या हळदीचा व्हिडिओ लावला. फोटोग्राफरने दिलेला, फोरके, सेकंदाला साठ फ्रेमचा, एच.२६४ पद्धतीने दाबलेला. आख्खं घर समोर बसलेलं आणि चित्र अडखळतंय! पाय ४ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर (दाबलेला व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग) होता, पाय ५ मधून तो काढून टाकलाय. हार्डवेअरमध्ये फक्त एच.२६५. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरच्या छोट्या डब्यात ही दोन्ही आहेत, शिवाय व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धती पण.

केळीबाग (रावेर): अर्धवट सांगू नका. १०८० चं (फुल एचडी) एच.२६४ पाय ५ नुसत्या सीपीयूवर आरामात चालवतो. घरात रोज काय लागतं? आईची यूट्यूबवरची अहिराणी गाणी. ती काय फोरकेत पाहते का? आणि सीईसीचं, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने डबा चालवायच्या सोयीचं, नावच काढलं नाही तुम्ही. माझे वडील टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालवतात. एन१०० च्या बहुतेक डब्यांत सीईसी नसतं, वेगळं अडॅप्टर घ्यावं लागतं. सत्तरीच्या माणसाच्या हातात दुसरा रिमोट देऊन बघा एकदा.

पांझरा (धुळे): डिकोडर राहू द्या, आधी उन्हाळ्याचं बोला. पायच्या कूलरचा पंखा ५० अंशांना सुरू होतो. मे महिन्यात आमची पुढची खोलीच चाळिशी गाठते, पंखा बंद व्हायचं नावच घेत नाही. बिनपंख्याचा एन१०० घ्या.

केळीबाग: बिनपंख्याचा डबा आमच्याकडे हात लावू देत नाही इतका तापतो. पंखा हवाच.

पांझरा: टीव्हीच्या मागे कोंबल्यावर तापणारच! माझा दोन उन्हाळे उघड्या फळीवर आहे, एकदाही बंद पडला नाही.

केळीबाग: तुमचं धाब्याचं घर. मातीच्या छताखाली बसून पत्र्याखाली राहणाऱ्याला शिकवू नका.

पांझरा: घरावर कशाला जाता? जिनिंग आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. दिवाळीनंतर पंख्याचा डबा उघडला की पात्यांवर कापसाची रुई बोटभर जमलेली असते. ती काढता काढता माझं एक पातं तुटलं, म्हणून पंखा नको म्हणतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव): इतला काय तापी ऱ्हायना भो? लाइटीचं कोणी बोलतच नाही. दिवसातून तीनदा जाते. माझ्या पायचं मेमरी कार्ड दोनदा खराब झालं. पाय ५ ला पाच व्होल्ट पाच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. साधा लावला की यूएसबीला सगळे मिळून ६०० मिलिअँपिअर मिळतात आणि हार्डडिस्क मध्येच गळते. माझा एन१०० बारा व्होल्टचा आहे, अडॅप्टर इन्व्हर्टरवर, आत कार्डाऐवजी एसएसडी. पुन्हा कार्ड बदलावं लागलं नाही.

केळीबाग: कार्डाचं खरं आहे, माझंही एक गेलं. पण तो पायचा दोष नाही. पायलाही एसएसडी लावता येते.

तापीकाठ: येते. पण पाय, कूलर, अडॅप्टर, एसएसडी जोडायची पाटी, डबी असा हिशेब केला, तर एन१०० च्या तयार डब्याशी फार फरक उरत नाही. मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहिली. सीईसीचं मात्र तुमचं बरोबर. आईने दुसरा रिमोट आठवडाभरात सोफ्याखाली घालवला. एन१०० ला अडॅप्टर मागवतोय.

केळीबाग: मग फोरके लग्नं पाहणाऱ्यांनी एन१०० घ्यावा, माझी हरकत नाही. मी पायच ठेवणार.

तापीकाठ: ठेवा. माझा पाय कपाटात पडून आहे, कूलरसकट. भुसावळला उतराल तेव्हा कळवा, वडिलांच्या डब्याला जोड म्हणून घेऊन जा.