मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ चे मूळ विभाजक १२८क + १ याच रूपाचे का असतात?

नमस्कार. दादरला रविवारी नववी-दहावीची काही मुले गणितासाठी जमतात. त्यांच्यापुढे २^३२ + १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मांडायची आहे आणि त्या तयारीत मला एका पायरीवर मदत हवी आहे.

२^(२^न) + १ या रूपाची प्रत्येक संख्या मूळ असते, असा फर्माचा समज होता. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत; सहावीला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरने १७३२ साली दाखवले. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४ या दोन मांडण्या शेजारी ठेवल्या, की ते चार ओळींत सिद्ध होते. ही सिद्धता अतिशय देखणी आहे, पण ती ६४१ आधीच हाती असलेल्याची आहे, आणि मुले सर्वांत आधी विचारतील ते ६४१ सापडला कसा हेच.

६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी एकेक करून भागत बसण्यात अर्थ नाही, म्हणून विभाजकाचे रूप आधी ठरवावे लागते. प हा मूळ विभाजक असेल, तर प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १ येते; त्यामुळे बाकी १ देणारा २ चा सर्वांत लहान घात ६४ वाच ठरतो आणि फर्माच्या छोट्या सिद्धान्तानुसार (प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या (प − १) व्या घाताला मूळ संख्या प ने भागल्यास बाकी १ उरते) ६४ ने प − १ ला भाग जातो. इथपर्यंत मुलांना नेता येईल.

ल्युकाने १८७८ साली ६४ च्या जागी १२८ आणले, म्हणजे प हा १२८क + १ या रूपाचाच असतो (क ही पूर्ण संख्या). त्या मालिकेतली पहिली मूळ संख्या २५७. तिने भागल्यास बाकी २ उरते, आणि दुसरी थेट ६४१! उरलेला ६७,००,४१७ हा अवयव मूळ आहे हेही मग ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्यांनीच भागून पाहिले की कळते. मात्र १२८ ची मला माहीत असलेली सिद्धता वर्गशेषांच्या (म्हणजे वर्गसंख्यांना प ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) सिद्धान्तावर उभी आहे आणि तो दहावीच्या मुलांपुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही. केवळ घातांकांचे नियम वापरून ही पायरी दाखवता येईल का?

प्रतिसाद:

येईल. अ = २^२४ − २^८ घ्या. अ^२ = २^४८ − २^३३ + २^१६. आता २^३२ च्या जागी −१ ठेवा: २^४८ चे −२^१६ होते, ते शेवटच्या पदाशी कटते, आणि −२^३३ चे २ होते. म्हणजे प ने भागल्यावर अ^२ ची बाकी २ च्या बाकीइतकीच येते. मग अ^६४ म्हणजे २^३२, त्याची बाकी −१, आणि अ^१२८ ची बाकी १. तुम्ही २ साठी केलेला युक्तिवाद जसाच्या तसा अ साठी करा. १२८ ने प − १ ला भाग जातो.