मदत हवी आहे: भाऊ वर्गात बसतच नाही

भंडाऱ्याची_ताई: लहान भाऊ नागपूरला फर्स्ट इयरला आहे, हिंगणा रोडला होस्टेलवर. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली म्हणून घरी फोन आला. बाबा म्हणतात, परत आणतो. परीक्षा तोंडावर आहे. काय करू? लवकर सांगा.

ठेचा_भाकर: कोणती शाखा? अन् निवडली कोणी?

भंडाऱ्याची_ताई: इंजिनीअरिंग. नंबर लागला ते घेतलं, शाखेचं काय त्यात.

बर्डीवाले_काका: मोबाइल काढून घ्या, पहाटे उठवा. माझा पोरगा असाच सुधारला.

फळा_खडू: काका, होस्टेलवरच्या पोराला पहाटे उठवणार कोण? मी पहिल्या वर्षाला शिकवते. गावात पहिला येणारा पोरगा इथं येतो, पहिल्या टेस्टला मार्क पडत नाहीत, मागच्या बाकावर सरकतो, मग येणंच सोडतो. हा आळस नव्हे, लाज आहे. ताई, शाळा मराठी माध्यमाची होती का?

भंडाऱ्याची_ताई: हो, दहावीपर्यंत. शाळेत पहिला असायचा.

फळा_खडू: मग तेच. वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास आहे. फर्स्ट इयरच्या मुलांना सीनियरांचे अनुभव वाचायला दिले: ‘आपण इथले नाही’ असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं, पुढे ते ओसरतं. मग त्यावर स्वतःचं लिहायला-बोलायला लावलं. तेवढ्यानं कृष्णवर्णीय मुलांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारले. त्याच्या कॉलेजातला भंडाऱ्याकडचा एखादा सीनियर गाठा.

बर्डीवाले_काका: अमेरिकेचं इथं काय कामाचं? शिस्त लागते.

फळा_खडू: शिस्त लागेल, पण वर्गात पाय ठेवायची हिंमत आली की.

मेट्रोप्रेमी: लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, धरमपेठेत रूम घेतली तरी जमेल. भाडं जास्त पडेल.

ठेचा_भाकर: रूमचं कोणी विचारलं, भाऊ? ताई, झोपतो का नीट? जेवतो का? कधीपासून असं?

भंडाऱ्याची_ताई: दिवाळीपासून. रात्रभर जागतो. मेसमध्ये जात नाही म्हणे. फोनवर फक्त हो-नाही.

ठेचा_भाकर: हे आधी सांगायचं ना! हजेरी राहू द्या बाजूला, आधी भेटायला जा. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आज तुम्हीच लावा. जिवाबद्दल काही वेडंवाकडं बोलला तर एकटं सोडू नका.

भंडाऱ्याची_ताई: लावते. उद्या सकाळच्या गाडीनं निघते. बाबांना नेऊ?

फळा_खडू: पहिल्या भेटीला नको. आधी त्याला पोटभर जेवू घाला. मार्कांचं काढू नका, त्यानं काढलं तर ऐकून घ्या. मग त्याच्यासोबतच क्लास टीचरला भेटा, परीक्षेला बसता येईल का ते तिथंच कळेल.