मुंबई–लक्षद्वीप क्रूझ : पूर्ण समुद्रात जाणारा दिवस आईला झेपेल का?

सिंहगडरोडकर :
नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांची आई यांच्यासह मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण करावे, असा विचार आहे. कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या संध्याकाळी जहाज सुटते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बेट येते, पण मधल्या संपूर्ण दिवसापुढे ‘समुद्रप्रवास’ एवढा एकच शब्द छापलेला आहे. आईचा आक्षेप नेमका त्यावरच आहे. “दिवसभर पाण्याकडे बघत बसायला मी काय दीपस्तंभ आहे का?” असे ती विचारते. तिला घाटात हमखास गाडी लागते, त्यामुळे बोट लागण्याची धास्ती वेगळीच. ज्यांनी हा दिवस प्रत्यक्ष काढला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. खोली कोणत्या मजल्यावर घ्यावी, हेही कळल्यास बरे होईल.

तांडेल :
मी तीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात काढली आहेत आणि निवृत्तीनंतर याच मार्गावर प्रवासी म्हणूनही गेलो आहे, म्हणून आधी खोलीचे सांगतो. जहाज म्हणजे एक लांबलचक झोपाळा समजा. त्याची टोके सर्वांत जास्त वरखाली होतात आणि मध्य सर्वांत कमी, त्यामुळे लांबीच्या मध्यावर आणि जितकी खालच्या मजल्यावर मिळेल तितकी खाली खोली घ्यावी. अगदी मागच्या बाजूची खोली स्वस्त वाटली तरी तिथे जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची थरथर रात्रभर गादीतून जाणवते. मोठ्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखी पाती असतात. ती जहाजाचे डावीउजवीकडे डुलणे पुष्कळ कमी करतात, मात्र लाटेवर पुढचा भाग उचलला जाणे त्यांना थांबवता येत नाही.

डिसेंबर निवडलात हे उत्तम केलेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखादे चक्रीवादळ वेळापत्रक उधळू शकते, पण डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी बहुधा तळ्यासारखे असते. मुंबई ते लक्षद्वीपमधले अगत्ती बेट हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे आणि त्यासाठी छत्तीस तास हाताशी असतील, तर जहाजाला ताशी २५ किलोमीटर एवढाच वेग पुरतो. पुण्यातल्या गर्दीतली स्कूटरसुद्धा याच चालीने जाते.

बोट लागते ती कान आणि डोळे यांची साक्ष जुळत नाही म्हणून. आतला कान सांगतो की आपण हलतो आहोत आणि खोलीच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. म्हणून मळमळू लागताच खोलीत आडवे होऊन मोबाईल पाहण्याऐवजी मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायचीच असेल, तर आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी. उलटी झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आलेपाकाची पुडी मात्र खिशात असू द्यावी.

ठाणेकरीण :
मी गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन गेले होते आणि माझे मत असे झाले की संपूर्ण सहलीत हाच दिवस सर्वांत चांगला होता. अट एकच, की जहाजावरची कार्यक्रमांची यादी आदल्या रात्रीच बाजूला ठेवावी. नाचाचे वर्ग, हाउजी, जादूचे प्रयोग यांच्यामागे धावणारी मंडळी दुपारीच दमलेली दिसत होती.

सकाळी सहाला आम्ही वर गेलो, तेव्हा दोन खलाशी पाण्याच्या नळीने डेक धूत होते आणि एक जण ओल्या फडक्याने कठड्यावरचे मीठ पुसत होता. रात्रीत त्या लोखंडावर मिठाचा इतका दाट थर बसतो, की हात टेकला तर तळवा चिकट होतो. सासूबाईंनी बोट लावून चाखून पाहिले आणि “आता हे भाजीत घालायला हरकत नाही,” म्हणाल्या. साधारण दहाच्या सुमारास जहाजापुढून उडत्या माशांचा एक थवा निघाला. चांदीची चिल्लर फेकावी तसे ते पाण्यालगत लांबवर गेले आणि पुन्हा बुडाले. मुलाला कठड्याशी उभे करा. पडद्यावरच्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा तो इथे अधिक वेळ रमेल.

गैरसोयीही सांगते. न्याहारीच्या वेळी नऊ ते दहा या तासात लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी होते, तेव्हा आठच्या आत आटोपून घ्यावे. पोहण्याच्या तलावाजवळ संगीत इतके मोठ्याने वाजते, की तिथे वडीलधाऱ्यांना बसवू नये. खालच्या मजल्यावर बाजूने जो निरुंद डेक जातो, तिथे सावली आणि शांतता दोन्ही मिळतात. आणखी एक, बंदर सोडताच फोन विमानप्रवासाच्या स्थितीत टाकावा. माझ्या यजमानांचा फोन नकळत जहाजावरच्या उपग्रह जाळ्याला जोडला गेला आणि घरी आल्यावर जे बिल आले, त्यात अलिबागची एक सहल झाली असती.

मुसाकाझी :
वरील प्रतिसाद वाचून जुन्या कोकण बोटींची आठवण झाली. भाऊच्या धक्क्यावरून निघून जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड असे करीत जाणाऱ्या त्या बोटीत लहानपणी मी कितीतरी मे महिने काढले आहेत. डेकवर वळकटी पसरायची, आवळासुपारी चघळायची आणि बंदर आले की हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे. पण तिथे किनारा सतत डाव्या हाताला असे. कुठला किल्ला आला, कुठली खाडी गेली, यावर आजूबाजूचे प्रवासी पैजा लावत.

या मार्गाचे तसे नाही. जहाज जवळजवळ सरळ दक्षिणेकडे जाते आणि आपला किनारा आग्नेयेकडे सरकत जातो, त्यामुळे गोव्याच्या अक्षांशावर येईपर्यंत जमीन शंभर किलोमीटरहून अधिक दूर राहिलेली असते. उंच डेकवरून दिसणारे क्षितिज मात्र जेमतेम अठरा-वीस किलोमीटरवर असते. आईंना एवढे आधी सांगून ठेवा, कारण काहीतरी दिसेल या आशेने बसलेला माणूस तासाभरात कंटाळतो. माझी तक्रार एवढीच, की आजच्या जहाजात बहुतेक दालनांच्या खुर्च्या समुद्राकडे पाठ करून मांडलेल्या असतात.

सिंहगडरोडकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या भागातील खालच्या मजल्याची, खिडकी असलेली खोली घेण्याचे ठरवले आहे. आईची तयारी झाली आहे, पण आता नवाच पेच निघाला आहे. नेमकी त्या समुद्रातल्या दिवशीच संकष्टी येते. उपासाचे पदार्थ मिळतील का, आणि चंद्रोदय कुठून पाहावा?

ठाणेकरीण :
उपासाचे पदार्थ हवेत, हे आरक्षण करतानाच लेखी कळवा. जैन जेवणाची सोय आम्हाला सहज मिळाली होती, पण साबुदाण्याची खिचडी स्वयंपाक्याला समजावून सांगावी लागली. फळे, दूध आणि दही मुबलक असते. घरचे शिजवलेले अन्न चढताना अडवतात, म्हणून राजगिऱ्याचे बंद पाकीट चालेल का, हे आधी विचारून घ्या.

चंद्रोदयासाठी डाव्या बाजूच्या डेकवर उभे राहा, कारण लक्षद्वीपला जाताना ती पूर्व. आपल्याकडे समुद्र नेहमी पश्चिमेला, त्यामुळे सूर्य त्यात बुडताना आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण चंद्र पाण्यातून वर येताना सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच तिथे पाहिला. तांबूस, थोडा चेपलेला असा तो बाहेर आला, तेव्हा त्यांना आधी तो दुसऱ्या जहाजाचा दिवा वाटला. अर्घ्य द्यायचे असेल, तर पाणी ताम्हनातच सोडा. फुले, नारळ काहीही समुद्रात टाकू देत नाहीत, आणि डिसेंबरात वारा ईशान्येचा असल्यामुळे कठड्याबाहेर सोडलेले पाणी परत आईंच्याच साडीवर येईल.