राजवाड्यातील संगीतसभा: शॉनब्रुन निवडावे की आयझेनश्टाट?

प्रश्न: अनुमंद्र

सप्रेम नमस्कार.

येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी आई व्हिएन्नात पाच दिवस राहणार आहोत. आम्ही दोघीही पाश्चात्त्य अभिजात संगीत ध्वनिमुद्रणांवरून बरीच वर्षे ऐकत आलो आहोत, परंतु प्रत्यक्ष सभेला बसण्याचा योग अद्याप आलेला नाही. आईची इच्छा अशी की, हे संगीत ज्या वाड्यांसाठी लिहिले गेले त्यांपैकी एखाद्या वाड्यात ते एकदा तरी ऐकावे. आधुनिक सभागृहाला तिची ना नाही, पण तिच्या मते ते "नंतर कधीही जमेल".

संध्याकाळ मात्र एकच हाताशी आहे. शॉनब्रुन राजवाड्यात मोझार्ट आणि श्ट्राउस यांच्या रचनांचा कार्यक्रम जवळजवळ रोज असतो असे दिसते. आयझेनश्टाट येथील एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या राजवाड्यात, संगीतकार हायडनच्या नावाच्या दालनातही आम्ही तिथे असतानाच एक सभा आहे, पण तिच्यासाठी व्हिएन्नाबाहेर जावे लागेल. शॉनब्रुनला गेल्यास, मोझार्टने लहानपणी ज्या दालनात वाजवले त्याच दालनात बसायला मिळते का? पोशाखाचा काही दंडक असतो का? रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात असे ऐकले आहे, ते कितपत खरे? आणि आईचे गुडघे दुखतात, तेव्हा जिने आणि बसण्याची सोय यांविषयीही कोणी स्वानुभवाने सांगू शकले तर फार बरे होईल.

प्रतिसाद: खर्ज

आधी एक गैरसमज दूर करतो. 13 ऑक्टोबर 1762 रोजी सहा वर्षांचा मोझार्ट सम्राज्ञी मारिया थेरेझापुढे वाजवायला शॉनब्रुनला गेला, आणि ते वादन तिथल्या आरसेदालनात झाले असे मानले जाते. ते दालन तुम्हाला दिवसा, राजवाड्याच्या फेरीत, दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहता येईल. रात्रीचा तुम्ही म्हणता तो कार्यक्रम ऑरेंजरीत होतो. मुख्य राजवाड्याच्या बाजूची ही लांबलचक इमारत बांधली गेली ती लिंबू-संत्र्यांची झाडे हिवाळ्यात थंडीपासून जपण्यासाठी. तिची लांबी सुमारे 189 मीटर आणि रुंदी अवघी 10 मीटर आहे. आजही तिच्या एका भागात झाडे ठेवतात आणि दुसऱ्या भागात खुर्च्या मांडतात.

हे वाचून हिरमुसू नका, कारण संगीताच्या इतिहासात या झाडांच्या घराचे स्थान आरसेदालनापेक्षा मोठे आहे, असे माझे मत आहे. 7 फेब्रुवारी 1786 रोजी सम्राट दुसरा योझेफ याने पाहुण्यांसाठी इथे मेजवानी दिली आणि इमारतीच्या दोन टोकांना दोन रंगमंच उभारले. एका टोकाला मोझार्टचे जर्मन भाषेतले छोटे संगीतनाटक झाले, तर दुसऱ्या टोकाला दरबारी संगीतकार सालिएरीचे इटालियन. ऐन फेब्रुवारीत एवढा समारंभ इथेच का, याचे उत्तर अगदी घरगुती आहे: झाडांसाठी जमिनीखालून ऊब खेळवण्याची सोय इमारतीत होती, त्यामुळे दरबारी मंडळींनाही थंडी वाजली नाही.

आता कार्यक्रमाविषयी. पूर्वार्धात मोझार्ट, उत्तरार्धात श्ट्राउस, मधूनमधून दोन गायक आणि एक नर्तकांची जोडी, आणि शेवटी "निळी डॅन्यूब" किंवा राडेट्स्की मार्च, असा हा साचा असतो. वादक तयारीचे असतात यात शंका नाही, परंतु तोच तो संच वारंवार वाजवणाऱ्या हातांना जी सफाई येते तिच्यात कुतूहल फारसे उरत नाही. शिवाय मोझार्ट वारला 1791 मध्ये आणि श्ट्राउसची "निळी डॅन्यूब" आली 1867 मध्ये; मधली 76 वर्षे मध्यंतरातल्या वाइनच्या पेल्याबरोबर गिळली जातात. एक प्रसन्न संध्याकाळ हवी असेल तर अवश्य जा. आईंची इच्छा तुम्ही लिहिली आहे तशी असेल, तर आयझेनश्टाटला जा.

प्रतिसाद: हिंडफिरी

खर्ज यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही, पण त्यावर नंतर येते. आधी सोयीगैरसोयींचे सांगते, कारण वाडा हा वाडाच असतो, सभागृह नव्हे, ही गोष्ट मला दोन वेळा पैसे मोजून शिकावी लागली.

पहिली अडचण जमिनीची. वाड्यातल्या दालनाची जमीन सपाट असते, खुर्च्या मागे मागे चढत जात नाहीत. बाराव्या रांगेत बसलात तर वादकांऐवजी अकराव्या रांगेतल्या गृहस्थांचा केशसंभार पाहण्यात दोन तास जातात. आवाजाचेही तसेच होते: समोरच्या डोक्यांवरून घसरत आलेला सूर मागे पोहोचेपर्यंत बोथट होतो, आणि छतावरून परतणारा सूरच काय तो उरतो. म्हणून तिकिटावर आसनक्रमांक छापलेला आहे की फक्त "श्रेणी" लिहिली आहे, हे खरेदीपूर्वी नक्की पाहावे. केवळ श्रेणी असेल तर त्या श्रेणीत जो आधी येईल तो पुढे बसतो. अशा वेळी दार उघडण्याच्या आधी अर्धा तास जाऊन उभे राहण्याला पर्याय नाही, आणि ते आईंच्या गुडघ्यांना मानवणार नाही.

दुसरे असे की, शहराच्या मध्यभागी, विशेषतः सेंट स्टीफन कॅथीड्रल आणि ऑपेराच्या आसपास, मोझार्टच्या काळातला टोप आणि लाल झगा घालून तिकिटे विकणारी माणसे भेटतात. मी अशाच एकाकडून "राजवाड्यातली" म्हणून दोन तिकिटे घेतली. संध्याकाळी पत्त्यावर पोहोचल्यावर समजले की, तो एका जुन्या हवेलीचा पहिला मजला होता. छत सुंदर होते, पण राजाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. जर्मनमध्ये "पाले" म्हणजे सरदाराची शहरातली हवेली आणि "श्लॉस" म्हणजे खरा राजवाडा किंवा गढी, हा भेद मला तेव्हा ठाऊक नव्हता. तिकीट सभेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

पोशाखाचा दंडक कुठेही नाही. नीटनेटके कपडे पुरतात. साडी नेसलात तर लोक कौतुकाने पाहतात. जाड कोट, छत्री आणि मोठी पिशवी मात्र बाहेर कोट ठेवण्याच्या खिडकीपाशी द्यावी लागते, त्यासाठी सुटी नाणी जवळ असू द्यावीत. कोट देताना शाल मात्र काढून घ्या. उंच छताची जुनी दालने ऑक्टोबरात पायांपाशी गारच असतात. जिन्यांविषयी तिकिटाबरोबरच ईमेल करून उद्वाहक आहे का ते विचारावे. भव्य दालने बहुधा पहिल्या मजल्यावर असतात आणि त्यांचे जिने मिरवणुकीसाठी बांधलेले असल्यामुळे रुंद आणि कमी उंचीच्या पायऱ्यांचे असतात खरे, पण पायऱ्या त्या पायऱ्याच.

असहमती अशी: शॉनब्रुन शहरातच आहे आणि भुयारी रेल्वेने परत येता येते. आयझेनश्टाट सुमारे 50 किलोमीटरवर आहे. सभा संपल्यावर परतीची गाडी आहे की नाही हे न पाहता कोणालाही तिथे पाठवणे बरे नव्हे.

प्रतिसाद: कोमल रिषभ

टाळ्यांविषयी मी लिहितो, कारण या एका गोष्टीच्या धास्तीने कित्येक जण पहिल्या सभेचा निम्मा आनंद घालवून बसतात.

आजचा संकेत असा आहे की, सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदाची दीर्घ रचना) किंवा कन्चेर्टो (एका प्रमुख वाद्याला वाद्यवृंदाची साथ असलेली रचना) यांचे तीन-चार भाग पूर्ण होईपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत. खूण सोपी आहे. वादकांचे गज खाली येतात, संचालक किंवा प्रमुख व्हायोलिनवादक श्रोत्यांकडे वळतो, तोपर्यंत हात मांडीवर ठेवावेत. पण हा नियम मोझार्टच्या काळाचा आहे असे मात्र समजू नका. जून 1778 मध्ये त्याची एक सिंफनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाली, तीही तुइलरी राजवाड्यातल्या दालनात. 3 जुलैला वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच माहीत होते. ती येताच टाळ्या पडल्या, म्हणून त्याने ती शेवटी पुन्हा आणली होती. शेवटच्या भागाची सुरुवात तिथे सगळी वाद्ये एकदम करत असत, तर याने केवळ व्हायोलिनांवर आठ मात्रागण (स्वरलिपीतले बार) हळू आवाजात ठेवले. श्रोत्यांनी एकमेकांना "शू" केले, आणि पुढच्याच क्षणी सगळा वाद्यमेळ एकदम दणाणला तेव्हा लोकांनी टाळ्यांचा गजर केला. सभा संपल्यावर आनंदाच्या भरात त्याने पाले रॉयालला जाऊन आइस्क्रीम खाल्ले, हेही त्याच पत्रात आहे.

म्हणजे जागच्या जागी दाद मिळावी म्हणून जागा बांधणारा हा माणूस होता, आणि आपण त्याचे संगीत श्वास रोखून ऐकतो. आज संकेत पाळावाच, कारण शेजाऱ्याचा रसभंग करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण चुकून टाळी पडलीच तर शरमेने मान खाली घालण्याचेही कारण नाही. खोकल्याची उबळ मात्र भागांच्या मधल्या विरामात काढून घ्यावी. वेष्टनाचा कागद चुरचुरणारी गोळी आधीच सोलून रुमालात ठेवावी, इतका अनुभवाचा सल्ला देतो.

प्रतिसाद: खर्ज

हिंडफिरी यांचा परतीच्या गाडीचा मुद्दा मान्य. माझे म्हणणे तरीही कायम आहे आणि त्याचे कारण नीट सांगायला हवे.

हायडन 1761 मध्ये एस्टरहाझींच्या चाकरीत शिरला, 1766 मध्ये मुख्य संगीतप्रमुख झाला आणि 1790 मध्ये वाद्यवृंद बरखास्त होईपर्यंत तिथे राबला. राबला हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण तो गणवेश घालणारा नोकर होता आणि मालक म्हणेल तेव्हा म्हणेल ते लिहून द्यावे लागे. आज त्याच्या नावाने ओळखले जाणारे आयझेनश्टाटचे दालन 17 व्या शतकातले आहे, छतावर चित्रे आहेत, आणि जमीन लाकडी आहे. दगडी जमिनीवर लाकूड घालण्याची सूचना हायडननेच केली होती, असे तिथे सांगतात. ते खरे असो वा नसो, परिणाम कानाला कळतो. चेलो आणि डबल बास या मोठ्या तंतुवाद्यांचा खर्ज लाकडातून पायांपर्यंत येतो, आणि सूर थांबल्यावर त्याची आस, म्हणजे घुमारा, दालनात क्षणभर रेंगाळते, पण पुढच्या सुरावर चिखल होऊन बसत नाही. हायडनच्या रचनांत अचानक येणारे विराम असतात ना, ते अशा दालनात रिकामे राहत नाहीत. ध्वनिमुद्रणात ते नुसते थांबणे वाटते. तिथे भिंती ते पूर्ण करतात.

मालक उन्हाळ्यात सगळा लवाजमा घेऊन दूर एस्टरहाझा येथील आपल्या वाड्यावर जाई, आणि वादकांची बायकामुले मागे आयझेनश्टाटलाच राहत. 1772 मध्ये मुक्काम लांबला तेव्हा हायडनने 45 क्रमांकाची सिंफनी लिहिली, जिच्या शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून निघून जातो आणि अखेर दोनच व्हायोलिने उरतात. मालकाला अर्ज समजला. ज्या घराच्या ओढीने ते वादक उठून गेले ते गाव तुमच्या यादीत आहे, आणि तुम्ही गाडीच्या वेळेचा विचार करता आहात! एक रात्र तिथेच राहा, म्हणजे प्रश्न मिटला.

प्रतिसाद: अनुमंद्र

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही परत येऊन आठवडा झाला. खर्ज यांचे ऐकून आयझेनश्टाटला गेलो आणि हिंडफिरी यांचे ऐकून क्रमांक असलेली, चौथ्या रांगेतली, कडेची आसने घेतली. आईला पाय पुढे पसरता आले. रात्री तिथेच राहिलो.

कार्यक्रमात 1761 सालची "सकाळ" ही सिंफनी होती, म्हणजे हायडनने नव्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी लिहिलेली. नव्या सहकाऱ्यांना खूश करायचे असावे अशा बेताने त्याने त्यात एकेकाला स्वतंत्र जागा दिल्या आहेत, अगदी खर्जाच्या वाद्यालाही. उजाडण्याचा आभास देणारी ती संथ सुरुवात मी शेकडो वेळा ऐकलेली आहे. पण व्हायोलिनांचा सूर वाढत जाताना माझ्या तळपायांना जमीन थरथरल्यासारखी वाटली, ते ध्वनिमुद्रणात कुठून येणार? पहिल्या भागातच पुढे एका ठिकाणी हॉर्न बासरीच्या आधी दोन मात्रागण घुसतो, जणू वादकाची मोजण्यात चूक झाली. तिथे आमच्या पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ आवाज न करता हसले, आणि त्यांचे खांदे हलताना पाहून मलाही हसू आवरेना. भाग संपल्यावर मागून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख व्हायोलिनवादिकेने मान किंचित लववून त्यांचा स्वीकार केला आणि पुढचा भाग सुरू केला.

वादकांकडे त्या काळच्या पद्धतीची वाद्ये होती. चेलोच्या खाली टेकवण्याची सळई नव्हती, त्यामुळे तो तरुण वादक दोन्ही पायांच्या पोटऱ्यांमध्ये वाद्य अधांतरी धरून वाजवत होता. छत, चित्रे, झुंबरे यांपैकी कशाविषयीही आई मध्यंतरात काही बोलली नाही. "दीड तास असे धरून त्याचे गुडघे दुखत नसतील का गं?" एवढेच तिने विचारले, आणि उत्तरार्ध सुरू होताना तिने आपली शाल गुडघ्यांवरून काढून बाजूला ठेवली.